आठ दिवसांच्या बोलीवर आलेली ट्रेडमिल

१

मालन घाडी गुरुवारी सकाळी पावणेसातला ट्रेडमिलवरून फेकली गेली, आणि सात वाजायच्या आत चूक कोणाची हेही ठरून गेलं. करी रोडच्या 'श्रमसिद्धी' टॉवरमध्ये पाण्याचा पंप बिघडला तर चूक कोणाची हे तीन-तीन महिने ठरत नाही. इथे मात्र बाई अजून फरशीवर कण्हत होती, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि सोसायटीचा सेक्रेटरी राजेश तावडे तिच्याच नवऱ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला होता. पट्ट्याला तेल कोणी घातलं? दगडूने. झालं, विषय संपला.

याच टॉवरमध्ये राहणाऱ्या इरावती कारखानीस तेव्हा नाशिकला बहिणीकडे होत्या. शनिवारी दुपारी परत आल्या, बॅग अजून उघडलीही नव्हती, तोच बेल वाजली. दारात दगडू घाडी. सहासष्ट वर्षांचा माणूस, तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम केलेला, गिरणी गेली तेव्हापासून मिळेल ते केलेला, आणि आता याच टॉवरच्या नव्या जिमची देखभाल करणारा. त्याच्या हातात टाइप केलेला एक कागद होता.

"ताई, उद्या अकराच्या मीटिंगमध्ये सही करायचीय. एकदा वाचून दाखवा. चष्म्यातूनपण नीट दिसत नाय."

इरावतीबाईंनी कागद वाचायला घेतला. विमा कंपनीत त्या सर्वेअर होत्या. जळलेली दुकानं, कोसळलेल्या लिफ्ट, मुद्दाम भिजवलेली गोदामं बघत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. 'मी, दगडू रामा घाडी, कबूल करतो की माझ्या निष्काळजीपणामुळे व नको तितके तेल घातल्यामुळे...' पुढे राजीनामा, पुढे सोसायटीवर कसलीही जबाबदारी नाही, आणि खाली सहीसाठी रेघ.

"हे कोणी लिहिलं?"

"राजेशभाऊंनी. म्हणाले, सही केलीस तर पोलिसांत जाणार नाय."

"आणि तू करणार सही?"

"करूचीच लागतली." बोलता बोलता दगडू गावच्या बोलीत शिरला. "ताई, मीच पाडला तिका. कंपनीच्या माणसाने पट्ट्याखाली चार थेंब सांगितले होते. माझा हात थरथरता. पाच पडले असतील, सहा पडले असतील. चाळीस वर्षां ती माझ्यापाठी चलली, आणि मी तिका पाडलंय."

"मालन काय म्हणते?"

मग कळलं ते असं, की परळच्या हॉस्पिटलात तो रोज जातो, पण वर वॉर्डात जात नाही. खाली बाकावर बसतो. डबा मुलीच्या, प्रितीच्या, हातात देतो आणि परत येतो. काल मालनचं ऑपरेशन झालं, तेव्हाही तो खालीच होता.

"अरे, वेडा आहेस का तू?" इरावतीबाई कडाडल्या.

"कुठच्या तोंडाने जाऊ, ताई?"

इरावतीबाईंनी पायात चपला सरकवल्या. दगडूवर त्या चिडल्या होत्याच, पण खरा राग स्वतःचा आला होता. मशीन चालवून बघितल्याची नोंद करायच्या वहीत त्यांनी सोमवारी ट्रेडमिलपुढे टिक मारली होती, वीस मिनिटं असंही लिहिलं होतं, आणि त्या मशीनवर पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. नाशिकची गाडी पकडायची होती ना! शी!

"किल्ली आहे तुझ्याकडे? चल खाली. उद्या अकराच्या आत बघू काय ते."

"ताई, उद्या दुपारी कंपनीचा टेम्पो येणार. बिघडलेली म्हणून ट्रेडमिल घेऊन जाणार."

म्हणजे हातात एक दिवससुद्धा नव्हता.

२

जिम म्हणजे पार्किंगच्या वरच्या पोडियमवरची एक लांबट खोली. बिल्डरने खोली दिली, मशीनं तुमची तुम्ही बघा म्हणाला. मग महिनाभर व्हॉट्सॲपवर हाणामारी. ट्रेडमिल घ्या, नको, म्हाताऱ्यांचे गुडघे जातील. क्रॉसट्रेनर घ्या, नको, त्यावर पाय कुठे ठेवायचा हेच कळत नाही. शेवटी एका दुकानदाराने तोडगा काढला. एक ट्रेडमिल, एक उभ्याने हातपाय मागेपुढे हलवायचं क्रॉसट्रेनर, एक उभी सायकल आणि एक पाठ टेकून चालवायची सायकल, असे चार नमुने आठ दिवसांच्या बोलीवर ठेवायचे. येईल त्याने चालवायचं, वहीत नाव लिहून टिक मारायची. ज्याला टिका जास्त, तोच नमुना ठेवून घ्यायचा, बाकीचे परत. गेल्या शनिवारी मशीनं आली होती.

इरावतीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावर तळहात फिरवला. कोरडा ठक्क. मग कड उचलून पट्ट्याखाली बोट घातलं. बोट ओशट झालं.

"दगडू, थेंब इथेच, खाली घातलेस ना?"

"खालीच. लाकडाची फळी नि पट्टा घासू नये म्हणून. कंपनीच्या माणसाने तसाच दाखवला होता."

"मग पायाला तेल लागेल कसं? पाय वरून चालतात."

दगडूने फरशीकडे बोट दाखवलं. "पण राजेशभाऊंनी फोटो काढलो. फरशीवर तेल होतं."

"बाटली कुठे ठेवली होतीस?"

"हयच, बाजूक."

"वीस माणसं धावत आली, बाटली कोणीतरी लाथाडली. फरशीवरचं तेल मालन पडल्यानंतरचं."

त्यांनी तिथूनच प्रितीला फोन लावला. मालनचे त्या दिवशीचे कॅनव्हासचे बूट कॉटखाली पिशवीतच होते. प्रितीने तळ बघितले. धूळ होती, तेलाचा टिपूस नव्हता. "आणि आई म्हणते, चौदा मिनिटं छान चालत होते. मग पट्टा एकदम थांबला नि लगेच असा हिसका मारला की मी मागे उडाले."

तेल असतं तर पहिल्याच पावलाला घसरली असती. थांबून हिसका देणं हे मोटरचं काम. तापलेली, दमलेली मोटर बंद पडते, पुन्हा उसळते. पण सोसायटीसाठी आणलेल्या दणकट मशीनची मोटर सहा दिवसांत दमावी?

इरावतीबाईंनी टॉर्च लावून मशीनभोवती एक फेरी मारली. खाली रबराची जाड चटई होती. तिच्यात चार खोल खड्डे पडले होते, मशीनच्या पायांचे. पुढचे दोन पाय खड्ड्यांत बरोबर बसले होते. मागचे दोन खड्डे मात्र रिकामे, पायांच्या चांगले चार बोटं मागे.

पुढच्या बाजूला, माहितीची पट्टी असते तिथे, कोणीतरी खरवडून ठेवलं होतं. आणि मोटरच्या झाकणाच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी केसातली पिन काढून ते उकरलं. तांदळाचा दाणा. लालसर. खाचेच्या कडेला कुंकवाची बारीक रेघ.

"दगडू, मशीन आलं तेव्हा पूजा केली होतीस?"

दगडूला प्रश्नाचंच नवल वाटलं. "दसऱ्याक आमी साच्याची पूजा करायचो, ताई. हार घालून, नारळ फोडून. पण तो साचा आमचो होतो. आठ दिवसांनी परत जाणाऱ्या वस्तूची पूजा कोण करतलो?"

इरावतीबाईंनी तो दाणा चष्म्याच्या डबीत टाकला आणि डबी मिटली.

३

सलोनी तिथेच भेटली. ही लालबागची पोरगी, अठ्ठावीसची, आठवड्यातून तीन दिवस टॉवरमधल्या बायकांचे व्यायामाचे क्लास घेते. ट्रेडमिलच्या ती पहिल्यापासून विरोधात. एक दिवस कोणीतरी तोंडावर आपटेल, असं सगळ्यांसमोर बोललेली. त्यामुळे दगडूच्या खालोखाल संशय तिच्यावरच होता.

"मी काही केलं नाही हां, मॅडम. मला क्रॉसट्रेनर हवं होतं, कारण गुडघ्याला झटका नाही. बस, एवढंच."

"तुला कोण काय म्हणतंय? बुधवारी इथे काय झालं ते सांग."

सलोनीने दाराकडे बघितलं. "बुधवारी जळका वास येत होता. ट्रेडमिलमधून. मी ग्रुपवर टाकलं पण होतं."

"मी ग्रुप बघते. तसा मेसेज नाहीये."

"डिलीट केला. राजेशसरांचा फोन आला. म्हणाले, उगाच पॅनिक करू नकोस, तुझे क्लास इथे चालू राहायला हवेत ना?"

"आणि मंगळवारी वास होता?"

"मंगळवारी दुपारी जिम बंद होती. पेस्ट कंट्रोल. पण खरं सांगू, औषधाचा वास कुठेच नव्हता."

दगडूने मान हलवली. मंगळवारी दुपारी त्याला राजेशने टाकीचं झाकण आणायला दादरला पाठवलं होतं. झाकण तर गच्चीवर आधीच पडलेलं होतं.

सलोनी हळूच म्हणाली, "मॅडम, वास आलेला ना, तो मी परत लिहायला पाहिजे होता." इरावतीबाईंनी तिला धीर दिला नाही. लिहायला हवंच होतं.

मग नवव्या मजल्यावरचे हेमचंद्र प्रधान. रिटायर्ड हेडक्लार्क, उंच, काटकुळे, पाठ टेकायच्या सायकलचे पुरस्कर्ते. चहा आला, बिस्किटं आली, आणि सायकलवर व्याख्यान सुरू झालं.

"साठीच्या माणसाला पाठीला आधार हवा, पडायची भीती नको. मी पहिल्यापासून सांगतोय. या टॉवरमध्ये निम्मी माणसं पन्नाशीच्या पुढची, त्यांना पळवता कुठे? आता बघा, एक बाई पडलीच!" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून इरावतीबाईंनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

"तुम्ही स्वतः ट्रेडमिल चालवली होती?"

"दोनदा. सोमवारी आणि बुधवारी. सोमवारी ठीक होतं. बुधवारी माझी टाच सारखी मागच्या कडेला लागत होती. माझी ढांग मोठी आहे ना."

"दोन दिवसांत ढांग वाढली तुमची?"

हेमचंद्रांनी कपात बघितलं. चहा तर केव्हाच संपला होता.

४

सतराव्या मजल्यावर दार उघडलं ते राजेशच्या आईने, आनंदीबाईंनी. ऐंशी उलटलेल्या, पण चुणचुणीत. घरात त्या एकट्याच होत्या आणि बोलायला माणूस मिळाल्यामुळे खूश होत्या.

"ये गं, ये. मालनचं ऐकलंस ना? बिचारी. आमच्या राजेशने किती धावपळ केली माहितीये, अँब्युलन्स त्यानेच बोलावली."

इरावतीबाई स्वयंपाकघरात बसल्या आणि नुसतं बघत राहिल्या. फ्रिजवर कुंकवाचं स्वस्तिक. मिक्सरवर स्वस्तिक. गिझरवर, इन्व्हर्टरवर, इंटरनेटच्या डबीवर दोन-दोन बोटं हळद-कुंकू.

"आजी, काही सोडलं नाही तुम्ही."

"सोडायचं कसं? घरात वस्तू आली की तिचा मान केला पाहिजे. मग ती नीट वागते."

हॉलमध्ये भिंतीला लागून काहीतरी मोठं चादरीखाली झाकलेलं होतं.

"ते काय?"

"राजेशचं चालायचं मशीन. जिमची मशीनं आली त्याच दुकानातून घेतलं, महिना झाला. वजन वाढलंय ना त्याचं. पण बाई, त्याने माझी गॅलरी बंद केली गं! दार अर्धंच उघडतं. माझी तुळस पाण्यावाचून सुकायला लागली."

"महिनाभर?"

"छे! आधी उघडायचं की. हे आता, या आठवड्यातच काय झालंय कोण जाणे. मशीन सरकलं बहुतेक."

इरावतीबाईंनी चादरीचं टोक हळूच वर केलं. मोटरचं काळं झाकण स्वच्छ, चकाकतं. कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय शोधताय, काकू?"

राजेश दारात उभा होता. एकशे बारा किलोंचा ऐसपैस देह, कपाळावर गंध, तोंडावर सेक्रेटरीचं हसू. त्याने पुढे येऊन चादर नीट केली, उशी सारखी करावी तशी.

"काही नाही रे. आईंशी गप्पा."

"मारा की गप्पा. पण दगडूच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका. उद्या त्याने सही केली नाही, तर मला केस करावी लागेल. मग म्हातारा कोर्टाच्या पायऱ्या चढेल, आणि ती तिकडे एकटी पडून राहील. तुम्हाला चालेल?"

आणि तो हसला. एकतीस वर्षांत इरावतीबाईंनी खूप लबाड बघितले होते. रडणारे, शपथा घेणारे, पाया पडणारे. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या बायकोच्या मोडक्या हाडावर पाय देऊन असं गोड हसणारा पहिलाच. घरी आल्यावर त्यांनी हात साबणाने दोनदा धुतले.

५

रविवारी अकराला जिममध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. चाळीसेक माणसं. आनंदीबाईंना इरावतीबाईंनी स्वतः हाताला धरून आणलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. दगडू कोपऱ्यात उभा, खिशात पेन.

राजेशने सुरुवात केली. दुर्दैवी घटना, माणुसकीचा दृष्टिकोन, कुटुंबासारखी सोसायटी. "दगडूकाका सही करतील, आणि आपण पुढच्या विषयाकडे जाऊ."

"थांब," इरावतीबाई उठल्या. "आधी माझं ऐका. तेल पट्ट्याच्या खाली आहे, वर नाही. ज्याला वाटतं त्याने हात लावून बघावा. मालनच्या बुटांना तेल नाही. ती चौदा मिनिटं चालली आणि मग पट्ट्याने हिसका मारला. म्हणजे मोटर तापली. आता सांगा, दिवसभर माणसं चालावीत म्हणून बनवलेल्या मशीनची मोटर अशी तापेल का?"

"नमुनाच खराब निघाला. म्हणून तर परत पाठवतोय," राजेश म्हणाला.

"खराब नाही. लहान आहे. घरी एक-दोन माणसांनी तासभर चालायचं मशीन आहे हे. दिसायला तेच, रंग तोच, पण पट्टा आखूड, मोटर नाजूक. त्यावर आपण रोज साठ माणसं चढवली." त्यांनी चटईकडे बोट दाखवलं. "हे मागचे रिकामे खड्डे बघा. शनिवारी जे मशीन आलं, त्याचे पाय तिथे होते. सोमवारी हेमचंद्ररावांची टाच लागत नव्हती, बुधवारी लागायला लागली. मंगळवारी दुपारी जिम बंद होती, पेस्ट कंट्रोलच्या नावाखाली. औषधाचा वास कोणाला आला का?"

कोणालाच आला नव्हता. खुर्च्या करकरल्या.

"म्हणजे मोठं मशीन उचललं आणि कोणाच्यातरी घरचं लहान मशीन इथे आणून ठेवलं. कोणाच्या घरचं?" त्यांनी चष्म्याची डबी उघडली. "हा अक्षतांचा दाणा याच मशीनच्या खाचेत होता. कुंकूही आहे. पुसलंय, पण खाचेतलं राहिलं. परत जाणाऱ्या नमुन्याची पूजा कोणी करत नाही, पूजा होते ती आपल्या वस्तूची."

राजेश ताडकन उठला. "हा काय पुरावा झाला? कुंकू काय, कोणाच्याही घरी असतं!"

"बरोबर. म्हणून फक्त एकच विचारते. आजी, राजेशच्या मशीनला तुम्ही कुंकू लावलं होतं?"

"आई, तू बोलू नकोस!"

"का रे बोलू नको?" आनंदीबाईंना राग आला. "आल्या दिवशीच लावलं. स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, नारळ वाढवला. आणि परवा बघते, तर मेलं सगळं गायब! याला विचारलं, तर म्हणतो, आई, घामाने गेलं."

दोघं-तिघं हसले. मग एकदम कोणीच हसेना. आनंदीबाईंनी लोकांकडे बघितलं, मग लेकाकडे, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. त्या म्हातारीकडे बघणं इरावतीबाईंना जड गेलं.

"आजींच्या गॅलरीचं दार अर्धंच उघडतंय या आठवड्यापासून," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कारण आता तिथे चार बोटं जास्त लांब मशीन आहे. सोसायटी मोठ्या मशीनचं बिल भरणार होती आणि लहान मशीन वापरणार होती. कायमची. आता मालन पडली म्हणून लहानच कंपनीला परत जाणार, आणि मोठं वरच राहणार."

राजेशने रुमालाने मान पुसली. आवाज एकदम उतरला. "काकू, माझं वजन बघता ना? घरचं मशीन कण्हायला लागलं होतं. खाली तसंच एक पडलेलं. वाटलं, इथे लोक आठ दिवस चालतील, मग कोण चालतंय? सगळ्या जिमचं तेच होतं. मला काय माहीत मालनकाकू पडतील?"

"एकट्या तुझ्याखाली कण्हत होतं, मग साठ जणांखाली काय होईल हे माहीत नव्हतं? बरं, नव्हतं. पण पडल्यावर तर कळलं! त्यानंतर बसून हा कागद कोणी टाइप केला?"

उत्तर दिलं ते इतरांनी. कोणी म्हणालं, चूक झाली, मोठं मशीन खाली आणू आणि मिटवू. कोणी म्हणालं, पोलीस आले की टॉवरची बदनामी, फ्लॅटला गिऱ्हाईक येत नाही. हेमचंद्र घसा खाकरून म्हणाले, टाच लागते हे मी तेव्हाच बोलणार होतो, पण म्हटलं ट्रेडमिल आपोआपच बाद होईल. आणि मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी हात वर केला. "मग आता फायनल काय समजायचं? वहीत टिका तर ट्रेडमिललाच जास्त आहेत."

इरावतीबाईंनी वही उचलली, स्वतःच्या नावापुढची टिक खोडली आणि बाजूला लिहिलं, 'न चालवता मारली'. मग वही त्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवली. "हे आणखी किती जणांना लिहायचंय ते बघा, आणि मग फायनल समजा."

कोपऱ्यात दगडू तसाच उभा होता. त्याने राजेशला शिवी दिली नाही, कागद फाडला नाही. तो एवढंच म्हणाला, "ताई, म्हणजे मी नाय पाडला तिका?"

"नाही रे बाबा. नाही."

"मग तीन दिवस मी हॉस्पिटलात खाली बसलंय ते कित्याक?"

त्या प्रश्नाने चाळीस माणसांच्या माना खाली गेल्या. तो दाराबाहेर पडला तेव्हा कुठे चाललास हे विचारायचीही कोणी हिंमत केली नाही.

६

हॉस्पिटलात भेटायची वेळ चारची. दगडू साडेतीनपासून जिन्याशी उभा होता. इरावतीबाई त्याच्या मागोमाग वर गेल्या, पण वॉर्डाच्या दाराशीच थांबल्या.

मालन उताणी पडली होती, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवलेली. नवऱ्याला बघून तिने मान भिंतीकडे वळवली.

"तीन दिस येवक नाय तुमी," ती भिंतीशीच बोलली. "माका ठाऊक हा. त्या मशिनीर चढू नको म्हणून तुमी सांगितलेलात, तरी मी चढलंय. म्हणून रागावलात."

दगडू स्टुलावर बसला. बसता बसता त्याने कॉटचा दांडा धरला. "नाय गो. माका वाटला, मीच तुका पाडलंय. माझ्या तेलान."

"तुमच्या तेलान?" मालनने मान फिरवली. आधी तिला काही उमगलंच नाही, मग डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अवो, मी हय तीन दिस पडून तुमची माफी कशी मागू म्हणून विचार करतंय. ऑपरेशनाक नेताना मी वाटेकडे बघी होतंय. कोण सांगला तुमका असा?"

आईला घोर नको म्हणून इतके दिवस काही न बोललेल्या प्रितीनेच मग सांगितलं. कोणी सांगितलं, का सांगितलं, कागद, सही, चादरीखालचं मशीन, सगळं. मालन ऐकत होती आणि नवऱ्याची बोटं दाबत होती. इतक्यात इरावतीबाईंचा फोन वाजला. राजेश. कोपऱ्यात जाऊन त्यांनी ऐकलं. हॉस्पिटलचा सगळा खर्च तो देईल, मोठं मशीन आजच खाली आणेल, दगडूकाकांची नोकरीही राहील, फक्त तक्रार नको. एका हाडासाठी एवढं ताणू नका, काकू.

इरावतीबाईंनी फोन बंद केला आणि कॉटशी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाईचं हाड होतं, निकाल बाईनेच द्यायचा होता.

मालनने चादरीच्या टोकाने डोळे पुसले. तिचा आवाज आता वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असा होता.

"हाडाचा काय, ता जुळतला. माझ्या घोवाक तीन दिस भायर बसवल्यान ना, त्येची तक्रार लिवा."

ही तक्रार कुठल्या कलमात बसते ते इरावतीबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी प्रितीकडून कोरा कागद मागून घेतला, स्टूल पुढे ओढलं आणि तारीख घातली.